खंडेनवमीचा हार

जयेंद्रगंजातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात त्या दिवशी वायपरचं आखूड रबर एकच उरलं होतं, आणि ते दोन टोकांनी दोन माणसांनी धरलं होतं.

एका टोकाला होती शामला इंगळे. धुळीनं भरलेले बूट, डोक्याला करकचून बांधलेली ओढणी, आणि तोंडानं सुरू, "भैया, मैंने कल फोन पे बोल के रखा था. ये मेरा है, बस." दुसऱ्या टोकाला एक उंच, चष्मेवाला तरुण. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परगावच्या माणसाचा गोंधळ. दोन मिनिटं त्यानं तो मारा सोसला, मग रबर सोडून दिलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "घ्या बाई, घ्या. काय कजाग मुलगी आहे!"

इथं आपलं मराठी कुणाला कळायचंय, अशी त्याची समजूत. पुण्या-मुंबईहून ग्वाल्हेरला येणारी माणसं ही चूक हमखास करतात आणि हमखास तोंडघशी पडतात.

शामला हळूच वळली. "कजाग कोणाला म्हणून राहिलात?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... मराठी?"

"नाही, चिनी आहे." तिनं रबर पिशवीत टाकलं. "आमच्या खानदानाला इथं येऊन दोनशे वर्षं झाली. तुम्ही केव्हा आलात?"

"आज... सकाळी. साडेआठच्या गाडीनं."

"मग जरा दम धरा ना."

खरं म्हणजे तिला हसू येत होतं. पण हसलं तर रबर परत मागेल, या भीतीनं ती हसली नाही. तो मात्र हसला. अगदी मोकळं, स्वतःवरच. आणि म्हणाला, "एवढंसं रबर कुठल्या गाडीला बसतं हो? मी तर एका वेगळ्याच कामासाठी शोधतोय. सांगून कुणाला खरंही वाटणार नाही."

"माझी पण गाडी नाही आहे," शामला म्हणाली. "यंत्र आहे. वारा मोजायचं."

त्याचा चेहरा बदलला. "लायडार?"

मग तिचाही बदलला. कारण ग्वाल्हेरात लायडार हा शब्द उच्चारणारी माणसं इन-मीन तीन, आणि चौथा माणूस पुण्याहून यायचा होता. त्याची वाट ती पंधरा दिवस बघत होती. आनंदानं नाही, धास्तीनं.

त्याचं नाव बळवंत केतकर.

धास्तीचं कारण सांगायला हवं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं त्या वर्षी ग्वाल्हेरची छोटी कंपनी घेतली होती. पत्रात त्याला 'एकत्रीकरण आणि पुनर्रचना' असं भारदस्त नाव होतं, पण जयेंद्रगंजातल्या वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सगळे 'गिळलं' असंच म्हणत. ऑफिसचे प्रमुख मुकुंदराव पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. बाकीची माणसं इंदूरला गेली, कोणी घरी बसली. उरली शामला. टेकड्यांवरची यंत्रं सांभाळणारी, बिघडली की खोलून दुरुस्त करणारी एकटी मुलगी. तिची जागा ठेवायची की नाही, हे एका चाचणीवर ठरणार होतं.

चाचणी सोपी होती. घाटीगावच्या पुढच्या पठारावर शामलाचं जुनं लायडार तीन वर्षं उभं होतं. त्याच्या शेजारी पुण्याचं नवं यंत्र आणून ठेवायचं. वीस दिवस दोघांनी एकच वारा मोजायचा. आकडे जुळले, तर तीन वर्षांची नोंद खरी धरायची, ग्वाल्हेरचं ऑफिस राहणार, शामला राहणार. नाही जुळले, तर कुलूप. वीस दिवस संपेपर्यंत आकडे कुणीही उघडून बघायचे नाहीत, आणि एकाच्या यंत्राला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

या चाचणीचा प्रमुख बळवंत. आणि ती नीट पार पडली, तर नव्या रचनेत उत्तर विभागाची खुर्चीही त्याचीच. हे त्यानंच तिला सांगितलं, तिसऱ्या दिवशी. लपवाछपवी नव्हती हो त्याच्यात. निदान तेव्हा तरी.

पठारावर पोचल्यावर त्यानं पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर दोन यंत्रांच्या मधोमध चुन्याची पांढरी रेघ मारली. "हा माझा मुलूख, तो तुमचा. नियम म्हणजे नियम."

"बघा हं," शामला म्हणाली. "तुम्हीच ओलांडाल."

"मी? मी नियमाचा पक्का माणूस आहे."

"तसे तर सगळेच असतात... पहिल्या आठवड्यात."

तो गडबडला आणि उगाचच चष्मा पुसायला लागला. शामलाला फार मजा वाटली.

काम म्हणाल तर रोजचं आणि धुळीचं. हे यंत्र लेझरचा किरण आकाशात सोडतं. हवेतल्या धुळीच्या कणांवर आपटून तो किंचित परत येतो, आणि त्यावरून दीडशे-दोनशे मीटरवरचा वारा किती जोरात वाहतो ते कळतं. म्हणजे हवेत धूळ हवी, पण किरण जिथून निघतो त्या काचेवर ती नको! म्हणून काचेवर छोटा वायपर, त्याचं रबर, त्याचं पाणी. पंख्याच्या जाळ्या झाडायच्या, बॅटऱ्या तपासायच्या, यंत्र पाणसळीत आहे ना ते बघायचं. मुंग्या वायरच्या डब्यात घर करतात, त्यांना हळद टाकायची. हळदीचा उपाय पुण्याच्या पुस्तकात नव्हता. बळवंतनं तो रेघेपलीकडून पाहिला आणि वहीत लिहून घेतला.

"हळद लिहिलीत?" शामलानं विचारलं.

"लिहिली. किती टाकायची?"

"भाजीत टाकता तेवढी."

"मी भाजी करत नाही."

"मग काय करता?"

"खातो."

"कोणाच्या हातची?"

"आईच्या," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "...सध्या."

त्या 'सध्या'वर शामला त्या दिवशी घरी जाईपर्यंत विचार करत होती. पंखा साफ करताना तिनं एक स्क्रू दोनदा उलटा फिरवला. तिच्या हातून असलं कधी होत नसे.

तो सकाळी लष्कर भागातल्या बाजारातून बेडई, म्हणजे तिकडची तिखट डाळपुरी, आणि जिलबी बांधून आणी. मग रेघेच्या अलीकडे ती एका पेटीवर, पलीकडे तो एका पेटीवर, आणि मधे रेघेवर कागद. बेडईचा पहिला घास घेऊन तो डोळ्यांतून पाणी काढी. ती म्हणे, "पुण्याचे लोक गोड असतात असं ऐकलं होतं. पण इतके नाजूक?" तो म्हणे, "तुमचं मराठी ऐकून डोळ्यांत पाणी आलंय. 'म्हणून राहिलात' म्हणजे काय हो?" ती म्हणे, "मतलब, समजून तर राहिलात ना?" आणि तो कबूल करी, "हो. सगळं समजतंय."

वारा आला की तिची ओढणी उडून रेघ ओलांडी. तो ती दोन बोटांत धरून अदबीनं परत करी. "हद्दीत ठेवा." एकदा त्यानं ती परत करायला अंमळ जास्तच वेळ लावला. लांबवर रस्त्यावरून ट्रक गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत दोघं तो ऐकत राहिले, जणू त्या ट्रकवरच सगळं अवलंबून होतं.

मग खंडेनवमी आली.

माधवगंजातल्या इंगळ्यांच्या घरी खंडेनवमीला कामधंदा बंद. शिपाईगडी घराणं, दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं. फौज गेली, राज्य गेलं, वडील सूर्याजीराव बँकेत लागून निवृत्तही झाले, पण पणजोबांच्या दोन तलवारी वर्षातून एकदा पाटावर मांडल्या जायच्याच. कुंकू, झेंडू, नारळ. आणि ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं त्याची पूजा करायची. वडील पूर्वी पेनाची करायचे. आई विजयाबाई शिवणयंत्राची. शामलानं नोकरी लागल्यापासून तीनही वर्षं नवमीला पठारावर जाऊन लायडारची केली होती. यंत्राच्या पेटीवर एक बोट कुंकू, पायाशी दोन फुलं, बस. काचेच्या जवळ काही नाही. तेवढं तिला कळत होतं.

चाचणी सुरू आहे म्हणून या वर्षी जाऊ नये, असं तिच्या मनात आलं होतं. पण दोन फुलांनी काय होतंय? आणि आता खोटं कशाला... बळवंतला तिनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या मी असणार आहे तिथं. सकाळी."

तो आला. सुट्टी असून, कुर्ता घालून आला. हातात झेंडूचा भला मोठा हार. चौकीदार कन्याभोजनासाठी गावी गेला होता. पठारावर दोघंच, दोन यंत्रं आणि मधे ती रेघ.

"माझ्या यंत्राची पण पूजा कराल?" त्यानं विचारलं.

"तुमच्या यंत्राला तुम्ही करा. मी तुमच्या मुलखात नाही येत."

"मग मी येतो तुमच्या," तो म्हणाला, आणि रेघ ओलांडून आला. अगदी सहज.

ती नारळ आणायला जीपकडे गेली. परत आली तोवर त्यानं हार घालूनही टाकला होता. यंत्राच्या बाजूला कमरेएवढी एक काठी असते, तिच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारं छोटं पातं. त्या काठीवर, दाराच्या चौकटीला तोरण लावावं तसा.

आता ही काठी काय आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं नवं यंत्र दिशा स्वतःच ओळखतं. त्याला अशी काठी नसतेच. शामलाच्या जुन्या यंत्राला मात्र वाऱ्याचा जोर कळतो, वारा कोणत्या रेषेत आहे तेही कळतं, पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडून येतोय ते कळत नाही. पूर्वेकडून की पश्चिमेकडून, हे त्याला ते पातं सांगतं. पातं अडकलं, की यंत्र पश्चिमेचा वारा बिनदिक्कत पूर्वेचा म्हणून लिहून मोकळं.

शामलानं हार पाहिला. "अहो, तिथं नाही," एवढं तिच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात पाऊस आला. परतीचा, चार टपोऱ्या थेंबांनी सुरू होऊन एकदम कोसळणारा. दोघं नारळ तसाच टाकून पळाले आणि जीपमध्ये शिरले. काचांवर वाफ धरली. त्याच्या केसांतून पाणी टपकत होतं, चष्मा आंधळा झाला होता. त्यानं तो काढला, आणि तिनं त्याचे डोळे प्रथमच नीट पाहिले.

समोरच्या काचेतून पिवळा हार वाऱ्यावर झुलताना दिसत होता. काढायला पाहिजे, असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. तिनं दाराच्या कडीला हातही घातला.

"शामला," तो म्हणाला. पहिल्यांदाच, नुसतं शामला. आणि कडीवरचा तिचा हात त्यानं हातात घेतला.

मग हार राहिला.

पाऊस थांबेपर्यंत ते तिथंच बसले. त्यानं तिच्या तळहातावर बोटानं काहीतरी काढलं. तिनं विचारलं, "काय आहे?" तो म्हणाला, "पुण्याहून ग्वाल्हेरचा रस्ता." ती म्हणाली, "लांब आहे." तो म्हणाला, "मी आलोच ना?" तिला इतका आनंद झाला होता, की पृथ्वीवर लायडार नावाची वस्तू आहे हेही ती विसरली. हे तिला पुढं कितीदा आठवलं आणि दरवेळी तितकीच लाज वाटली.

निघण्याआधी तिनं जीपमध्ये बसूनच यंत्राची नोंदवही भरली. हा तिचा तीन वर्षांचा नेम. तारीख, वेळ, काम, आणि शेवटच्या रकान्यात, यंत्राजवळ कोण कोण गेलं. लिहिताना पेन थांबलं. बळवंतचं नाव लिहिलं, तर नियम मोडल्याची नोंद त्याच्यावर. तिनं लिहिलं, 'पूजा. मी एकटी.'

तो खांद्यावरून वाचत होता. नुसता हसला आणि तिच्या कानामागं चिकटलेली झेंडूची पाकळी काढली. तीन वर्षांत तिनं वहीत लिहिलेलं ते पहिलं खोटं. आणि लिहिताना तिला किती गोड वाटलं होतं!

दसऱ्याला तो माधवगंजात सोनं द्यायला आला. विजयाबाईंनी त्याला करंज्या वाढल्या, सूर्याजीरावांनी तलवारी दाखवल्या. तो गेल्यावर आई म्हणाली, "शामू, मुलगा चांगला आहे हं. जेवताना मान खाली घालून जेवतो." शामला ताटं उचलायच्या निमित्तानं आत पळाली.

यंत्रं आता नीट लागली होती, म्हणून नवमीनंतर फेरी आठवड्यातून एकदाच ठरली होती. सात दिवसांनी त्या फेरीला ती पठारावर गेली, तेव्हा काठीवर हाराचा सांगाडा होता. फुलं गळून गेलेली, आणि ओला होऊन आवळलेला दोरा पात्याभोवती पक्का गुंडाळलेला. पातं हलत नव्हतं. दोरा कापून तिनं पातं मोकळं केलं. वहीत खरं ते लिहिलं, 'दिशेचं पातं हाराच्या दोऱ्यानं अडकलेलं आढळलं, मोकळं केलं.' मग बळवंतला फोन लावला.

"एवढंच ना?" तो हसला. "काही होत नाही गं."

तिनं त्याला समजावलं. सात दिवस वारा उलटा लिहिला गेला असणार.

"मी आत्ताच मुकुंदरावांना सांगते," ती म्हणाली.

"थांब." त्याचा आवाज बदलला होता. "सोमवारी सुनंदा मॅडम येतायत पुण्याहून. मीच त्यांच्याशी बोलतो. माझ्यावर सोड. सोडशील ना?"

"सोडते," ती म्हणाली. आणि सोडलं. चार रात्री तिला छान झोप लागली. सोमवारच्या सकाळपर्यंत ती निश्चिंत होती, हे लिहिताना मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

सोमवारी ऑफिसात चार खुर्च्या. मुकुंदराव, शामला, बळवंत, आणि पुनर्रचनेच्या प्रमुख सुनंदा मॅडम. पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. त्यांच्यासमोर दोन्ही यंत्रांचे आकडे आणि शामलाची नोंदवही.

"जोराचे आकडे जुळतात," मॅडम म्हणाल्या. "फारच छान जुळतात. तीन वर्षांच्या जुन्या यंत्राकडून मला एवढी अपेक्षा नव्हती. पण दिशा सात दिवस बरोबर उलटी आहे. आणि वहीत हाराचा उल्लेख आहे."

मुकुंदराव पुढं सरकले. "मॅडम, दिशा दुरुस्त होते. उलटीची सुलटी करायची, शेजारच्या यंत्राशी पडताळायची. एका दिवसाचं काम आहे. आमची शामला बेटा..."

"आकडे दुरुस्त होतील हो. मी आकड्यांचं म्हणत नाहीये. चाचणी चालू असताना यंत्रावर हार चढवणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी ऑफिस कसं ठेवू? तेवढंच मला बघायचंय." त्या शामलाकडे वळल्या. "तिथं हार तुम्हीच घातलात?"

शामलानं बळवंतकडे पाहिलं. आता बोलेल. तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. ग्लास सरळ होता तरी त्यानं तो सरळ केला.

मॅडमनी शामलाच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. "केतकर? चाचणी तुमच्याकडे होती. तुम्हाला याबद्दल काही माहिती?"

एक स्कूटर खालून गेली. मुकुंदरावांनी चष्मा काढला.

"वहीत... जे लिहिलंय तेच," बळवंत म्हणाला. "इंगळेबाई एकट्याच होत्या."

इंगळेबाई. पठारावर, जीपमध्ये, रेघेच्या दोन्ही बाजूंना त्यानं तिला कधी या नावानं हाक मारली नव्हती.

ती सांगू शकली असती. जीपमधलं सगळं, हार, कुर्ता, पाऊस, सगळं. पण कोणाला सांगायचं? ज्यानं बघितलं होतं तो तर समोरच बसला होता. आणि हार दिसला असूनही तो तिनं काढला नव्हता, हेही खरंच होतं. ती म्हणाली, "हो. चूक माझी आहे."

मॅडमनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. ऑफिस महिनाअखेर बंद. यंत्रं इंदूरच्या माणसांकडे. शामलाच्या कामाबद्दल चार चांगले शब्द त्यांनी आवर्जून लिहिले, ते मुकुंदरावांनी वाचून दाखवले.

ती जिना उतरून खाली आली. स्कूटरला किल्ली लावली. मागून धावत पावलं आली.

"शामला, ऐक... ऐक ना." बळवंत धापा टाकत होता. चेहरा पांढरा पडलेला. "मी बोलणार होतो. खरंच. पण बोललो असतो तर दोघांचीही गेली असती. ऑफिस तर तसंही राहिलं नसतं, वहीतलं तुझं खोटं बाहेर आलं असतं ना? मग एक तरी वाचू दे, असं... मी विचार केला."

"केव्हा केला?"

"काय?"

"विचार. त्या खोलीत केला, की चार दिवस आधी, फोनवर?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. म्हणजे फोनवरच.

मग एकदम पुढं झाला. "तू पुण्याला चल. लग्न करू आपण. मी आज आईला सांगतो. खंडेनवमीपासून मला दुसरं काही सुचत नाहीये, शामला. माझं प्रेम आहे तुझ्यावर. नोकरीचं काय घेऊन बसलीस... मी आहे ना?"

हे शब्द ऐकायला ती किती आसुसली होती! पंधरा दिवस ती ते वेगवेगळ्या तऱ्हेनं मनात ऐकत होती. पठारावर, आईच्या देखत, कधी चक्क बेडईच्या कागदावर लिहिलेले. आणि आले ते असे, जयेंद्रगंजाच्या उन्हात, हॉर्नच्या कलकलाटात. तरी तिचं मन उसळलंच. ते का थांबतंय? त्याचा भिजलेला चेहरा, चष्म्यावाचूनचे डोळे तिला आठवले, आणि आत्ताही त्याच्या कपाळावरचा घाम पुसावा असं वाटलं.

"मला एकदा विचारायचं होतं ना, बळवंत," ती म्हणाली. "फोनवरच विचारायचं. 'शामला, माझं नाव नको घेऊ, माझं फार नुकसान होईल.' मी म्हटलं असतं, ठीक आहे, राहू द्या. सगळं माझ्यावर घेतलं असतं. हसून घेतलं असतं. वहीत मी ते लिहिलंच होतं की तुमच्यासाठी! तुम्ही मागितलं असतं ना, तर ते माझं देणं झालं असतं. पण तुम्ही न विचारताच घेऊन टाकलं."

"माझी चूक झाली. मान्य आहे. घाबरलो मी."

"मी पण घाबरले होते. मी तुमच्याकडे बघत होते."

त्यानं मान खाली घातली.

"प्रेम मला पण आहे," ती म्हणाली. "झूठ नाही बोलणार. पण बायको म्हणून घरी न्यायला तयार आहात आणि चार माणसांत ओळख द्यायला नाही... असं थोडी असतं? उद्या घरात काही झालं, आई काही म्हणाली, कोणी काही म्हटलं, की मी तुमच्याकडे बघणार, आणि तुम्ही ग्लास सरळ करत बसणार."

"नाही. शपथ. यापुढं कधीच नाही."

"यापुढचं कशाला?" शामलानं वर पाहिलं. ऑफिसची खिडकी उघडी होती. पंखा फिरताना दिसत होता. "मॅडम अजून वरच आहेत. मुकुंदराव आहेत. अठरा पायऱ्या आहेत, मी रोज चढते. जा आणि सांगा, हार मी घातला. ऑफिस नाही राहणार, मला माहीत आहे. वहीत झूठ मी लिहिलं, माझी नोकरी पण नाही येणार. तरी सांगा. मी इथंच उभी आहे. सांगून खाली आलात, तर मी आजच घरी तुमचं नाव सांगते."

बळवंतनं जिन्याकडे पाहिलं.

शामला खरोखर थांबली. तिनं स्कूटरच्या हँडलवरचा हातही काढून घेतला. रस्त्यावरून माणसं जात होती, कोपऱ्यावरचा गाडीवाला कचोऱ्या तळत होता, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, चढ. चढ ना. एक पायरी चढ, बाकीच्या मी येते बरोबर.

तो एक पाऊल पुढं गेला. कठड्यावर हात ठेवला. वर बघत उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला. मग तो हात खाली आला, आणि त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"शामला," तो अगदी हळू म्हणाला, "थोडं समजून घे ना."

"घेतलं," ती म्हणाली, आणि तिनं स्कूटर सुरू केली.